नाक्यावरची ती बाई कोणाची?



तिला आपण सर्वांनी पाहिलेले आहे. एस.टी. स्टँडच्या मागे, रेल्वे पुलाच्या जिन्याखाली, नाही तर आपल्याच वस्तीच्या नाक्यावर सार्वजनिक नळाजवळ ती बसलेली असते. केसांच्या जटा झालेल्या, भर उन्हात अंगावर एकावर एक तीन-चार कपडे, जवळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे बोचके. स्वतःशीच पुटपुटते, मध्येच हसते, मध्येच न दिसणाऱ्या कोणाला तरी शिव्या घालते. पोरे खडे मारतात. हॉटेलवाला उरलासुरला पाव देतो. रात्री तिचे काय होते, हे कोणी विचारीत नाही. वस्तीने तिचे नाव ‘येडी’ ठेवले, की सर्वांची जबाबदारी संपते.

एका वाचक भगिनीने आम्हाला पत्रातून विचारले आहे: आमच्या चाळीसमोर अशी एक बाई आठवडाभर बसून आहे. पुरुषमंडळी म्हणतात, रात्रीच्या गाडीत बसवून द्या, पुढे कोठेतरी उतरेल. आमच्या महिला मंडळाला हे पटत नाही. पण तिला ठेवायचे कोठे आणि बरे कोण करणार, हेही आम्हाला कळत नाही.

भगिनींनो, तुम्हाला पटत नाही हे योग्यच आहे. गाडीत बसवून देणे म्हणजे आपल्या दारातले दुःख दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणे. तुमच्या चाळीसमोर ती कशी आली असेल, याचा विचार करा. तिच्याही गावात कोणीतरी हाच उपाय केला असण्याचा संभव आहे. अशा एका एका गाडीने माणूस घरापासून हजार-दीड हजार किलोमीटर दूर जातो. तेथे त्याची भाषा कोणाला कळत नाही, आणि तो काय बोलतो आहे ते न कळल्यामुळे लोक त्याला आणखीच वेडा समजतात.

हा आजार आहे

रस्त्यावर भटकणाऱ्या या माणसांपैकी पुष्कळांना स्किझोफ्रेनिया म्हणजे छिन्नमनस्कता हा आजार असतो. काहींना तीव्र उन्माद किंवा खोल उदासीनता, तर काहींना जन्मापासूनचे मतिमंदत्व किंवा म्हातारपणचा विसराळूपणा असतो. स्किझोफ्रेनिया साधारणपणे शंभर माणसांत एकाला होऊ शकतो. तो श्रीमंतालाही होतो आणि हमालालाही होतो. कानात माणसांचे आवाज येतात, कोणी आपल्यावर पाळत ठेवून आहे, अन्नात विष घालते आहे असे खरोखर वाटू लागते. घरातलीच माणसे वैरी वाटू लागली, की माणूस घर सोडतो. तो पळून जातो तो जीव वाचवण्यासाठी. आपल्याला ते वेडेपण दिसते, त्याला मात्र तेच शहाणपण वाटत असते.

तो करणी, भानामती, बाहेरची बाधा किंवा मागच्या जन्मीचे पाप यांपैकी काहीही नाही. मेंदूचा आजार आहे, आणि त्याला औषध आहे. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल या गोळ्या काही महागड्या परदेशी नवलाई नव्हेत, सरकारी रुग्णालयातून मिळणाऱ्या आहेत. रोज गोळी घेणे ज्याला जमत नाही, त्याच्यासाठी दोन-चार आठवड्यांनी एकदा घ्यावयाचे इंजेक्शनही असते. काही आठवड्यांत पुष्कळांचे आवाज कमी होतात, झोप लागू लागते. मग एक दिवस तो माणूस आपले नाव सांगतो, आणखी काही दिवसांनी गावाचे नाव सांगतो. सर्वच जण पूर्ण बरे होतात असे नाही. काहींना औषध जन्मभर लागते. पण मधुमेहालाही जन्मभर गोळी लागते, म्हणून मधुमेही माणसाला आपण रस्त्यावर सोडून देत नाही.

ज्यांनी करून दाखवले

हे आम्ही केवळ पुस्तकी ज्ञान सांगत नाही. १९८८ साली मुंबईत डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मानसोपचार करणाऱ्या दांपत्याने एका तरुणाला नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिताना पाहिले. त्यांनी त्याला आपल्या छोट्या दवाखान्यात नेऊन उपचार केले. तो बरा झाल्यावर कळले, की तो आंध्र प्रदेशातला विज्ञानाचा पदवीधर आहे आणि त्याचे घरदार आहे. त्यातूनच ‘श्रद्धा पुनर्वसन केंद्र’ उभे राहिले. सुरुवात छोट्या जागेत झाली. पुढे दहिसरला जागा झाली आणि २००६ पासून रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ मोठे केंद्र चालू आहे. रस्त्यावरून माणूस आणायचा, बरा करायचा, आणि संस्थेचा कार्यकर्ता सोबत देऊन रेल्वेने त्याच्या गावी नेऊन सोडायचा, ही त्यांची पद्धत. बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश, आंध्र अशा दूरच्या प्रांतांत त्यांनी हजारो माणसे घरी पोहोचवली. काही घरांत तर दिवसकार्य उरकून फोटोला हार घातलेला होता. या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तिकडे चेन्नईत १९९३ साली वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोन तरुण मुलींनी रस्त्यावर आजारी अवस्थेत फिरणाऱ्या एका बाईला आसरा मिळावा म्हणून खटपट केली. तिला कोणी घेईना, म्हणून त्यांनी स्वतःच ‘द बॅनियन’ म्हणजे वटवृक्ष ही संस्था काढली. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात (तेव्हाचे अहमदनगर) डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रिया आणि त्यांची मुले यांच्यासाठी माऊली सेवा प्रतिष्ठानचे घर उभे केले. सिंधुदुर्गात पणदूर येथे जीवन आनंद संस्थेचा संविता आश्रम निराधारांना सांभाळतो. यांतल्या कोणाकडेही आरंभी मोठा पैसा नव्हता. रस्त्यावरच्या माणसाजवळ थांबायचे एवढेच त्यांनी ठरवले होते.

कायदा आपल्या बाजूने आहे

आपल्या लोकांना एक गोष्ट ठाऊक असणे फार जरुरीचे आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा २०१८ पासून देशभर लागू आहे. त्याच्या शंभराव्या कलमाने पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यावर स्पष्ट जबाबदारी टाकली आहे. आपल्या हद्दीत मानसिक आजाराने भटकणारी आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती आढळली, तर तिला संरक्षणाखाली घेऊन लवकरात लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी पोहोचवले पाहिजे. तिला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. बेघर व्यक्ती असेल तर हरवल्याची नोंद करून तिच्या घरच्यांचा शोध घेणे हेही पोलिसांचे काम आहे.

त्याच कायद्याच्या अठराव्या कलमाप्रमाणे निराधार आणि बेघर माणसाला सरकारी ठिकाणी मानसिक आजाराचे उपचार पूर्णपणे मोफत मिळाले पाहिजेत. दारिद्र्यरेषेचे कार्ड नाही म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही. रुग्णाला साखळीने बांधणे या कायद्याने बंद केले आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली, तेव्हा साखळदंडाने बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. २८ जणांचा बळी गेला. नवसाला आणि दुव्याला म्हणून नातेवाइकांनी त्यांना तेथे ठेवलेले होते. बांधून ठेवणे म्हणजे सांभाळणे नव्हे, हे त्या राखेने देशाला शिकवले.

मंडळाने काय करावे

आता पत्रलेखिका भगिनीच्या प्रश्नाकडे येऊ. आमचा सल्ला असा:

पहिले, घोळक्याने जाऊ नये. दोघी जणींनी समोरून, सावकाश जावे. पाणी, भाकरी, अंगावर घ्यायला एखादी चादर द्यावी. रोज त्याच दोघींनी त्याच वेळेला गेले, तर ओळख पटते. जबरदस्तीने अंघोळ घालू नये, केस कापू नयेत, तिचे बोचके हिसकावू नये. आपल्याला तो कचरा वाटतो, पण तेवढाच तिचा संसार आहे. ती सांगते ते आवाज खोटे आहेत म्हणून तिच्याशी वाद घालू नये, आणि तिची थट्टाही करू नये. मोबाईलवर तिचे चित्रीकरण करून पाठवणाऱ्या पोरांना तेथल्या तेथे थांबवावे.

दुसरे, तिच्या शरीराकडे पाहावे. पायाला जखम, जखमेत किडे, ताप, पोटात मूल असे काही दिसले तर वाट न पाहता १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

तिसरे, तिचे बोलणे ऐकावे. असंबद्ध वाटले तरी त्यात एखाद्या गावाचे, शाळेचे, भावाचे नाव येते. भाषा कोणती ते ओळखणारे आपल्याच वस्तीत कोणी ना कोणी असते. कोणी बिहारी मजूर, तेलुगू गवंडी, बंगाली कारागीर असेल तर त्याला बोलवावे. जे कळेल ते कागदावर लिहून ठेवावे. पुष्कळ घरे अशा एका शब्दावरून सापडलेली आहेत. काहींचा पत्ता आधारसाठी बोटांचे ठसे घेताना जुनी नोंद निघाल्यामुळे लागला आहे.

चौथे, पोलीस ठाण्यात मंडळाच्या नावाने लेखी अर्ज द्यावा. त्यात कलम १०० चा उल्लेख करावा आणि शिक्क्यासह पोच घ्यावी. महिला पोलीस सोबत असाव्यात अशी मागणी करावी. तातडी असेल तर ११२ वर कळवावे. दाद लागली नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, तेथे वकिलाचे साहाय्य मोफत मिळते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, आणि जिल्हा रुग्णालयांतही मानसोपचाराची सोय असते.

पाचवे, तिला नेल्यावर विसरू नये. आठवड्याने दोघींनी जाऊन भेटून यावे. जिला भेटायला कोणी येते, तिच्याकडे रुग्णालयाचेही लक्ष राहते. एखाद्या खाजगी आश्रमात ठेवायची वेळ आली, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे त्याची नोंदणी आहे की नाही ते आधी विचारावे. डॉक्टर किती दिवसांनी येतात आणि दारे आतून उघडतात की बाहेरून, तेही पाहावे.

आणखी एक इशारा देणे आम्हाला भाग आहे. ‘मुले पळवणारी टोळी आली’ अशी आवई उठली, की पहिला मार खातो तो अनोळखी, मळक्या कपड्यातला, नीट उत्तर देऊ न शकणारा माणूस. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेवरून डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. ती पाचही माणसे धडधाकट होती, बोलू शकत होती, तरी त्यांचे कोणी ऐकले नाही. मग ज्याला स्वतःचे नावही सांगता येत नाही, त्याचे काय होईल? आपल्या वस्तीत असा हात उठू लागला, तर तो धरण्याचे काम आपल्या तरुणांनी केले पाहिजे.

घर म्हणजे चार भिंती नव्हेत

उपचार झाले, बाई शुद्धीवर आली. पुढे काय? घर सापडले आणि घरच्यांनी घेतले तर आनंदच. पण कित्येकींच्या नवऱ्याने दुसरा संसार थाटलेला असतो, आई-बाप गेलेले असतात, भाऊ दार उघडत नाही. अशा बायका बऱ्या होऊनही वर्षानुवर्षे मनोरुग्णालयातच राहतात. कायद्याचे एकोणिसावे कलम सांगते, की केवळ घर नाही किंवा घरचे घेत नाहीत एवढ्या कारणासाठी कोणालाही रुग्णालयात ठेवता येत नाही. समाजात राहण्याचा तिला हक्क आहे. बरे झालेल्या रुग्णांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवण्याच्या प्रकाराबद्दल २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने आपल्या महाराष्ट्रालाच तो थांबवण्यास सांगितले होते.

याला उत्तर म्हणून ‘द बॅनियन’ने २०१५ पासून एक साधी गोष्ट केली. गावात किंवा शहरात, चारचौघांच्या शेजारात साधे भाड्याचे घर घ्यायचे. त्यात चार-पाच जणींनी एकत्र राहायचे. सोबतीला संस्थेची एक कार्यकर्ती. स्वयंपाक काय करायचा ते त्यांनी ठरवायचे, बाजारहाट त्यांनी करायचा, जमेल तिने कामाला जायचे, सणावाराला शेजारी जायचे. ज्या वीस-वीस वर्षे वॉर्डात होत्या, त्या आता स्वतःच्या चहात साखर किती घालायची ते स्वतः ठरवतात. महाराष्ट्रात रत्नागिरी भागातही या पद्धतीचे काम झाले आहे.

यात एक मेख आहे. अशा घराला भाड्याने खोली हवी असते, आणि ती खोली तुमच्या-आमच्या चाळीतच असते. घरमालक आणि शेजारी ‘वेड्यांना येथे नको’ म्हणाले, की सर्व योजना कोलमडते. जातीचे नाव ऐकून खोली नाकारली जाण्याचा अनुभव आपल्यातल्या कितीजणांना आहे! दार तोंडावर बंद झाल्यावर मनाला काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. निदान आपल्या दारातून तरी तसे उत्तर जाऊ नये.

रस्ता आपल्या घरातूनही जातो

शेवटी जवळचे बोलू. नाक्यावरची बाई आभाळातून पडलेली नसते. ती कोणाच्या तरी घरातून आलेली असते, आणि ते घर पुष्कळदा आपल्यासारखेच हातावर पोट असलेले असते. मुलगा रात्रभर जागतो, काम सोडतो, एकटाच बसतो, घरच्यांवर संशय घेतो. आपण आधी देवऋषी करतो, मग भगत करतो, मग ‘लग्न केले की सुधारेल’ म्हणून दुसऱ्याची पोर त्यात लोटतो. त्यात दोन-तीन वर्षे जातात आणि आजार मुरतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे आणि साखळीने बांधणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही लक्षात ठेवा.

अशी लक्षणे दिसताच जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर २०२२ पासून दिवस-रात्र मोफत सल्ला मिळतो, मराठीतूनही मिळतो. बरे वाटले म्हणून गोळ्या बंद करू नका. आजार उलटतो तो बहुधा येथेच. गोळ्यांनी झोप फार येते, हात थरथरतात, वजन वाढते, अशी तक्रार असेल तर डॉक्टरांना सांगा. ते मात्रा बदलतील, पण आपण होऊन थांबू नका. रुग्णाचे आधार काढून ठेवा, अलीकडचा फोटो ठेवा, खिशात फोन नंबरची चिठ्ठी शिवून ठेवा. दीर्घकाळचा मानसिक आजार २०१६ च्या कायद्याने अपंगत्वात मोडतो. त्याचा दाखला काढला तर संजय गांधी निराधार योजनेसाठी अर्ज करता येतो.

आणि एक गोष्ट पुरुष बांधवांना. घरातल्या अशा रुग्णाचे सर्व काही एकटी आई करते. गोळी ती देते, शिव्या ती खाते, रात्र ती जागते. त्यामुळे जोवर आई आहे तोवर त्या मुलाला घर आहे. आई गेली, की महिन्या-दोन महिन्यांत तो मुलगा नाक्यावर दिसू लागतो. आई हयात असतानाच भाऊ, वहिनी, चुलते यांनी एकत्र बसून गोळी कोणी द्यायची, रुग्णालयात कोणी न्यायचे, हे वाटून घ्यावे. जमिनीची वाटणी करताना आपण तलाठ्याला बोलावतो. या वाटणीला कोणी बाहेरचा लागत नाही.

पटाचारेची कथा आपल्याला ठाऊक आहे. नवरा, दोन लेकरे, आई-बाप, भाऊ असे सारे एकामागून एक गेले आणि ती भान हरपून, अंगावर वस्त्र नाही अशा स्थितीत श्रावस्तीच्या रस्त्यांवर फिरू लागली. लोकांनी ढेकळे मारली. जेतवनात तिला अडवू लागले, तेव्हा भगवंतांनी तिला येऊ द्या म्हटले. कोणी एकाने अंगावरचे वस्त्र तिच्याकडे टाकले. तिला जवळ बसवून तिच्याशी बोलणे झाले, आणि पुढे संघात तिला मानाची जागा मिळाली. प्रथम वस्त्र, मग विचारपूस, मग चारचौघांत स्थान हा क्रम आहे. आजच्या काळात त्यात डॉक्टरांचे औषध जोडायचे, एवढाच फरक.

वाचक भगिनींना आमची सूचना अशी, की येत्या रविवारी महिला मंडळाच्या बैठकीत हा विषय घ्या. दोघींची नावे ठरवा, अर्जाचा नमुना लिहून ठेवा, आणि विहाराच्या फळ्यावर खडूने तीन आकडे ठळक लिहा: १०८, ११२ आणि १४४१६. मानसिक आजाराचा अपंगत्व दाखला कसा काढावा, कोणती कागदपत्रे लागतात, याची माहिती पुढील अंकी देऊ.